हद्दीच्या आत आलेला ससा

बाबा अमेरिकेत आले तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. २००४ सालचा ऑक्टोबर. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, गावाच्या अगदी कडेला, आम्ही दीड वर्षापूर्वी घर घेतलं होतं. आल्यावर दोन-तीन दिवस बाबांना झोपच लागत नव्हती. उजाडलं की ते घरभर हिंडायचे. अशाच एका सकाळी गराजमध्ये त्यांना माझी एअर रायफल दिसली.

मी चहा घेऊन गेलो तर ते तिच्यासमोर हात मागे बांधून उभे होते.

"ही कोणाची?"

"माझी."

त्यांनी ती उचलली नाही. आयुष्यभर ते वनखात्यात होते. सातपुड्याच्या जंगलात फॉरेस्टर म्हणून लागले आणि रेंजर म्हणून रिटायर झाले. लोकांच्या बंदुका जप्त करणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. बंदूक दिसली की हात लावायच्या आधी ती चारी बाजूंनी बघून घ्यायची त्यांची सवय गेली नव्हती.

"लायसन?"

"हिला लागत नाही. बारूद नसते हिच्यात, हवेच्या दाबावर छर्रा सुटतो. शिकारीचं लायसन मात्र काढलंय. आधी कोर्सही केला, परीक्षा दिली."

"शिकारीचं लायसन," ते म्हणाले. "कुठल्या ऑफिसात मिळतं?"

"दुकानात. मासे पकडायचे गळ विकतात ना, त्याच काउंटरवर."

 त्यांनी चहा घेतला आणि ते आत गेले.

हे शिकारीचं खूळ माझ्या डोक्यात शेजारच्या म्हाताऱ्यामुळे शिरलं होतं. आमची सगळी कॉलनी एकेकाळी त्याचं सोयाबीनचं शेत होती. बिल्डरला विकता विकता त्याने मागचा एक तुकडा ठेवला होता, तो नेमका आमच्या कुंपणाला लागून. पहिल्या उन्हाळ्यात मी मागच्या अंगणात मेथी, कोथिंबीर, गवार लावली आणि सशांनी दोन आठवड्यांत सगळं साफ केलं. वाफ्यांना उंच जाळी मारावी म्हटलं तर कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं, अशी जाळी नियमात बसत नाही. म्हातारा कुंपणापलीकडून हसत म्हणाला, "जाळी नको, तू माझ्याकडे ये. मी तुला ससा कसा मारायचा ते शिकवतो."

तेव्हा मला कळलं की आमचं कुंपण ही साधी गोष्ट नव्हती. कुंपणाच्या अलीकडे शहर. शहराच्या हद्दीत बंदूकच काय, एअर रायफलही झाडायला मनाई, मग अंगण स्वतःचं का असेना. पलीकडे टाउनशिप, म्हणजे शहराबाहेरचा शेतांचा भाग. तिथे राज्याचा शिकारीचा नियम. हंगाम असला, खिशात लायसन आणि जमीनमालकाची सहीची चिठ्ठी असली की दिवसाला ठरलेले ससे मारायला मोकळीक. माझ्या वाफ्यात बसून मेथी खाणाऱ्या सशाला मी हात लावू शकत नव्हतो. तोच ससा कुंपणाखालून पलीकडे गेला की माझा.

आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. थंडीत, गवतावर दव गोठलेलं असताना, म्हाताऱ्याच्या मागून गुपचूप चालायचं. तो हाताने खूण करायचा, मी थांबायचो. ऑफिसात दिवसभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचो, तिथे मला कुणी नावाजत नव्हतं. म्हातारा मात्र पाठीवर थाप मारायचा. पहिल्या हंगामातले चार ससे मी सावजी मसाल्यात शिजवले आणि मित्रांना जेवायला बोलावलं. नागपूरचा एक मित्र बोटं चाटत म्हणाला, "यार, कोंबडी झक मारते याच्यापुढे!" आमच्या घरी लहानपणी बाबांनी रानातलं काही शिजू दिलं नव्हतं. कुणी आणून दिलेला तितरसुद्धा ते परत पाठवायचे. जेवताना ते आठवलं होतं, पण मी कुणाला बोललो नाही.

बाबांनी रागवावं अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी त्यांनी नियमांची पुस्तिका मागून घेतली. खिडकीपाशी बसून, चष्मा नाकावर आणून, पेन्सिलने खुणा करत दोन दिवस ती वाचली. अडलेले शब्द माझ्या सात वर्षांच्या मुलीला विचारले. ती इंग्रजीत सांगायची आणि ते मान डोलवायचे.

"लेखी परवानगी खिशात पाहिजे, हे चांगलं आहे," ते म्हणाले. "आणि आकडा ठरवलाय, हेही चांगलं आहे. पण हद्द कशी ओळखायची? आमच्याकडे जंगलाच्या हद्दीवर दगडांचे मुनारे असतात, चुना लावलेले. इथे तर नुसतं कुंपण."

"कुंपण म्हणजेच हद्द, बाबा."

ते बाहेर गेले आणि कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. एका ठिकाणी खालची फळी निघालेली होती. तिथे वाकून त्यांनी हात घालून बघितला. "जनावराला इथून रस्ता आहे," म्हणाले.

डिसेंबरात वर्षाच्या शिल्लक सुट्ट्या संपवायच्या म्हणून मी एक आठवडा घरीच होतो. बायको ऑफिसला, मुलगी शाळेत. मंगळवारी जेवणं झाल्यावर मी रायफल काढली तर बाबा माझं जुनं जाड जॅकेट आणि माकडटोपी घालून दारात उभे.

"चल, मी येतो. बघतो तरी."

म्हातारा त्या दिवशी डॉक्टरकडे गेला होता. आम्ही दोघंच शेतात गेलो. बर्फ पातळ होता, गवताचे खुंट वर आलेले. बाबा माझ्यापेक्षा हलके चालत होते. त्यांच्या बुटांचा आवाजच होत नव्हता. त्यांनीच आधी ससा पाहिला. बोटाने दाखवला नाही, फक्त थांबले आणि त्या दिशेला बघत राहिले. तोडलेल्या फांद्यांच्या ढिगाशी तो बसला होता. पाठ आमच्याकडे, कान मागे टाकलेले.

मी घाई केली. बाबा बघताहेत म्हणून केली, दुसरं कारण नव्हतं. छर्रा डोक्याऐवजी मागे कंबरेत बसला.

ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. आधीचे चारही जागच्या जागी गेले होते. हा ओरडला. ऐन तापात तान्हं मूल जसं किंचाळतं तसा, एकसारखा, श्वास न घेता. मग पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत तो निघाला. मी दुसरा छर्रा भरेपर्यंत तो त्या निघालेल्या फळीखालून आमच्या अंगणात गेला आणि तिथून सरळ घराला लागून असलेल्या आमच्या लाकडी ओट्याखाली, डेकखाली.

आम्ही वळसा घालून अंगणात आलो. बाबा बर्फात पालथे झोपले आणि टॉर्च लावून डेकखाली बघायला लागले.

"जिवंत आहे. कंबर गेली आहे त्याची. इथून दिसतोय. डोकं इकडेच आहे." ते उठले, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला आणि म्हणाले, "मार."

"इथे नाही मारता येत, बाबा."

"का?"

"शहराची हद्द आहे."

"अरे, चार हात आत आला आहे फक्त."

"चार हात का होईना. कुणी पाहिलं तर?" आमच्या डाव्या बाजूच्या घरात एक बाई राहायची. कुत्रं भुंकलं तरी पोलिसांना फोन करणारी. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या डेकवर उघडायची. आणि माझी ग्रीन कार्डाची फाइल तेव्हा अर्ध्यावर होती. पोलिसांच्या कुठल्याही कागदावर माझं नाव आलेलं मला चालणार नव्हतं. हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मार म्हणतो ना मी," ते पुन्हा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "कायदा राहू दे बाजूला. एक गोळी. कुणाला ऐकू येणार आहे?"

ज्या माणसाने मला शाळेत सोडायला कधी सरकारी जीप वापरली नाही, तो माणूस हे म्हणत होता. मी रायफल गराजमध्ये ठेवून कुलूप लावलं.

मग मी इतर सगळे उपाय केले. बागेच्या दाताळ्याने त्याला बाहेर ओढायला गेलो, तर तो किंचाळत आणखी आत सरकला, पायऱ्यांच्या मागे, हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात. शहराच्या नंबरवर फोन केला. तिथला माणूस सभ्य होता. आम्ही फक्त कुत्र्यांचं बघतो, म्हणाला. दुसरा नंबर दिला. तिथे मशीन होतं. मी निरोप ठेवला, पत्ता सांगितला, जखमी ससा आहे म्हटलं. जखमी कसा झाला ते नाही सांगितलं.

तो दर थोड्या वेळाने ओरडत होता. मध्ये इतका वेळ जायचा की वाटायचं, सुटला. मग पुन्हा.

पावणेचारला मुलीची शाळेची बस आली. बाबांनी तिला अंगणात येऊच दिलं नाही, पुढच्या खोलीत घेऊन बसले आणि मोठ्या आवाजात तिला अस्वलाची कुठलीतरी हकीकत सांगायला लागले. तरी तिने ऐकलंच. "आजोबा, समबडी इज क्राइंग," ती म्हणाली. बाबांनी हकीकत थांबवली नाही, आवाज फक्त आणखी वाढवला. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभा होतो.

अंधार पडायच्या सुमाराला आवाज थांबला. बायको आली, तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आता?" मी म्हटलं, "उद्या काढतो." बाबा जेवले नाहीत.

सकाळी मी स्क्रू काढायचं मशीन घेऊन डेकच्या फळ्या उचकटायला बसलो. बाबा समोर बसून स्क्रू एका डब्यात टाकत होते. तिसऱ्या फळीखाली ससा सापडला. थिजलेला होता, डोळे उघडे. मी त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. पुरायला गेलो तर जमीन दगड झाली होती, फावडं आत जाईना. शेवटी पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकावी लागली. परत आलो तेव्हा बाबा डबा मांडीवर घेऊन तसेच बसले होते.

"काल मी तुला मार म्हणालो," ते म्हणाले, "ते काही बरोबर नव्हतं. तुझी नोकरी, तुझे कागद. पण मला तो आवाज सहन होईना. बस इथे."

मी बसलो.

"तू शाळेतही जात नव्हता तेव्हाची गोष्ट आहे. मी फॉरेस्टर होतो, नवा. शिकारबंदीचा कायदाही नवाच आला होता. गस्तीवर असताना एक कोरकू आदिवासी सापडला. खांद्यावर जाळं आणि हातात एक ससा. मेलेला. पळालासुद्धा नाही तो. मी म्हटलं, कशाला मारला? तर म्हणे, साहेब, पाहुणा आला आहे घरी. माझ्याबरोबरचा गार्ड म्हणाला, जाऊ द्या ना साहेब. मी म्हटलं, आपणच सोडायला लागलो तर कायदा कशासाठी? पंचनामा केला. ससा, एक नग. जाळं, एक नग. अंगठा घेतला त्याचा."

"मग?"

"मग केस. कोर्ट तालुक्याला. त्याच्या गावापासून तीस किलोमीटर, आणि बस नाही. तारीख असली की तो आदल्या दिवशी चालत निघायचा आणि कोर्टाच्या पायरीवर झोपायचा. कधी मॅजिस्ट्रेट रजेवर, कधी वकील नाही. दोनदा तर मीच नव्हतो, साक्षीदार असून. पुढची तारीख, पुढची तारीख. चार वर्षं."

"एका सशासाठी?"

"एका सशासाठी. मला बघितलं की उठून रामराम करायचा. कधी शिवी नाही, काही नाही." बाबांनी डब्यातले स्क्रू हाताने सारखे केले. "एकदा जुलैमध्ये तारीख लागली. मी होतो कोर्टात. शिपायाने त्याच्या नावाचा पुकारा केला. तीनदा केला. तो आला नाही. साहेबांनी वॉरंट काढलं. पोलिसाबरोबर ओळख पटवायला मी निघालो. पण नदीला पूर होता, तो उतरायलाच आठवडा लागला. गावात गेलो तर त्याची बायको दारात उभी. पोलिसाने विचारलं, नवरा कुठे आहे? ती म्हणाली, तो तारखेला गेला आहे. अजून आला नाही."

बाबांनी मांडीवरचा डबा खाली ठेवला.

"तिला वाटलं, आम्हीच ठेवून घेतला. मला म्हणाली, साहेब, कधी सोडणार? नदीच्या खालच्या अंगाला एक बेवारस प्रेत सापडल्याची नोंद नंतर मीच ठाण्यात शोधून काढली. कपड्यांवरून जुळलं. मीच कळवलं तिला." ते म्हणाले, "फाइल बघशील तर माझा एक कागद चुकीचा नाही."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

मग आम्ही फळ्या परत बसवल्या. ते एकेक स्क्रू हातात देत होते, मी बसवत होतो. 

त्यानंतर बाबा डेकवर गेले नाहीत. मीही टाळायचो. पण माझं स्वयंपाकघर डेकला लागूनच होतं. सकाळी चहा टाकताना, भांडी लावताना माझे हात मध्येच थांबायचे. फळ्या थंडीने आकसून कुरकुरत, तेवढंच असायचं. हे मला कळायचं, तरी मी टॉर्च घेऊन बाहेर जायचो, वाकून बघायचो. एकदा उठताना खिडकीत बाबा दिसले. ते माझ्याकडेच बघत होते. 

जानेवारीत मला बोटांचे ठसे द्यायला बोलावणं आलं. ग्रीन कार्डाच्या कामातली तेवढी एक पायरी, तास दीड तासाच्या अंतरावरच्या ऑफिसात. नेमका त्या दिवशी बर्फाचा पाऊस होता. शाळा बंद, रस्त्यांवर काचेसारखा थर. मी किल्ली घेतली तर बाबा दाराशी.

"नको जाऊस."

"बाबा, तारीख चुकली तर सगळं लांबेल."

"लांबू दे. दुसरी तारीख मागता येते. मी सांगतो ना, मागता येते." त्यांनी माझी बाही धरली होती. लहानपणानंतर त्यांनी मला असं धरल्याचं मला आठवत नाही. मी गेलो नाही. पत्र लिहून दुसरी तारीख मागितली. कामाला चार महिने उशीर झाला, आणखी काही झालं नाही.

मार्चमध्ये बाबा परत गेले. मे महिन्यात शेजारचा म्हातारा एक पत्र घेऊन आला. त्याचा तो तुकडा शहराने आपल्या हद्दीत घेतला होता. आता तिथेही रायफल झाडता येणार नव्हती. त्याला फार लागलं होतं. "साठ वर्षं मी इथे ससे मारले," तो म्हणाला, "आणि आता माझ्याच जमिनीवर मी गुन्हेगार." त्याने मला आणखी पुढच्या एका टाउनशिपमधल्या ओळखीच्या शेतावर चल म्हटलं. मी सांगितलं, मला आता नाही जमणार. तो कारण विचारील असं वाटलं होतं. त्याने मान हलवली आणि गेला. रायफल मी त्यालाच देऊन टाकली.

बाबांना मी दर रविवारी सकाळी फोन करायचो, कॉलिंग कार्डवरून. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते म्हणाले, "मी जाऊन आलो तिकडे."

कुठे, हे मला विचारावं लागलं नाही.

"गाव आता जंगलात नाही. उठवून खाली सपाटीवर आणलं आहे. नवी घरं, रांगेत. बाई वारली, पाच-सहा वर्षं झाली म्हणे. मुलगा आहे. तुझ्याच वयाचा. चौकीवर रोजंदारीला आहे आपल्याच खात्यात, खाकी घालतो. मी रिटायर रेंजर म्हटल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली."

"तुम्ही सांगितलंत त्याला?"

"चहा केला त्याच्या बायकोने. मग मला चौकी दाखवायला घेऊन गेला. तिथे भिंतीला जाळी टांगलेली, जप्त केलेली. म्हणाला, साहेब, ही सगळी मी पकडली. या महिन्यात तीन केस केल्या सशांच्या. एकालाही सोडलं नाही."

मी फोन कानाला धरून उभा होतो. बाहेर मुलगी पाचोळ्यात खेळत होती.

"बाबा, तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"काय म्हणणार?" ते म्हणाले. "त्याला शाबासकीच पाहिजे होती. माझ्याकडे बघत उभा होता."

"दिलीत?"

 कार्डावरची रेकॉर्ड केलेली बाई मध्येच बोलली, एक मिनिट शिल्लक आहे. मला वाटलं लाइन गेली, म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे मी," बाबा म्हणाले. "दिली रे."